धुरातला बुधला

शास्त्रपाठ : स्तोत्र ११९:८१-८८; उत्पत्ति २:१५



स्तोत्रकर्ता आपल्या क्लेशाला एक घरगुती उपमा देतो. आपली दशा धुरातल्या बुधल्यासारखी झाली, असे तो म्हणतो. कातडी बुधला धुरात टांगून राहिला की काळवंडतो, सुकतो, सुरकुततो. चुलीपुढे जन्म काढलेल्या आपल्या आयांना ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

लाकूड, गोवरी, कोळसा, डिझेल, रॉकेल पुरते जळले नाही की काजळी धरते. ती छपरालाच चिकटते असे नाही. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत शिरतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातात. १९९९ साली ‘इंडोएक्स’ मोहिमेतील शास्त्रज्ञांना हिंदी महासागराच्या उत्तर भागावर तपकिरी धुरकट थर पसरलेला आढळला. आपल्या भूभागावरची काजळीही त्यात होती.

काळा कपडा उन्हात अधिक तापतो, हे शब्बाथ शाळेतले मूलही जाणते. काजळीचेही तसेच. हवेत असताना ती ऊन शोषून हवा तापविते. हिमालयाच्या बर्फावर बसली की तो शुभ्र बर्फ मळतो, अधिक ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. एकाच्या अंगणातला धूर असा दुसऱ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचतो.

मग दोष कोणाला द्यावा? चुलीपुढच्या माउलीला? तो धूर तर प्रथम तिच्याच छातीत जातो. आम्ही आमच्याकडे पाहिले. शनिवारी मंदिराचे आवार झाडून पालापाचोळा पेटवावयाचा आणि रविवारी सृष्टीकर्त्याची स्तुती गावयाची, हा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. शेजारचे दमेकरी आजोबा खिडकी लावून घेत. आम्हांला ते दिसत नसे. देवाने मनुष्याला बागेत ठेवले ते ती राखण्यासाठी, तिची राख करण्यासाठी नव्हे.

परंतु येथे आशाही आहे. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो. त्याची जबाबदारी आपल्यावर आहेच. काजळी मात्र काही दिवसांत, फार तर एकदोन आठवड्यांत खाली बसते. धूर थांबला की हवा लवकर निवळते. पश्चात्तापाचे फळ इतक्या लवकर दिसावे, ही कृपाच नव्हे काय?

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार, वातीच्या साध्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलाचा ७ ते ९ टक्के भाग काजळीच होतो. अशा घरी एक सौर दिवा पोहोचला की तेवढी काजळी तेथेच संपली. आता आवारातल्या पाचोळ्यासाठी आम्ही खड्डा खणला आहे. त्याचे खत फुलझाडांना जाते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांच्या हातून असा खड्डा अवश्य करवावा. मंडळीत असेही घर असेल की, गॅसची शेगडी आहे, पण सिलिंडर भरावयास पैसे नाहीत म्हणून चूल पेटते. उपकारस्तुतीच्या दानातून त्या घरी भरलेला सिलिंडर जावा, आणि तो कोणाला दिला याचा गवगवा न व्हावा.

हे प्रभो, आमच्या धुरात कोण गुदमरत आहे ते पाहावयास आम्हांला डोळे दे. आमेन.