मधल्या वेळाचा हिशेब

दोन गावांच्या मधला जो वेळ, तो कोणाचा? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु 2024 साली मोपाहून मस्कतमार्गे लंडनला जाताना तो मला पडला, आणि अद्याप माझ्याकडून त्याचा निकाल लागलेला नाही.

प्रवासाचे कारण सुखाचे नव्हते. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. मिळाले ते तिकीट घेतले. त्यात मस्कतला नऊ तासांचा मुक्काम होता. मी लंडनला उतरेपर्यंत शस्त्रक्रिया उरकलेली असणार होती. म्हणजे कितीही तळमळलो, तरी त्या नऊ तासांत माझ्या हातून भावाचे बरे वा वाईट काहीच होण्यासारखे नव्हते.

आम्हां वकिलांना वेळ मोजण्याचे व्यसन असते. मुदतीच्या 1963 च्या कायद्यात पंधरावे कलम आहे. त्यान्वये प्रतिवादी जितका काळ भारताबाहेर असेल, तितका काळ दाव्याच्या मुदतीतून वगळावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने तो काळ जणू सरलाच नाही. विमानात बसलेला मनुष्य स्वतःला असाच वगळलेला समजतो. समोरच्या पडद्यावर एकामागून एक चित्रपट पाहतो, भूक नसता जेवतो, अर्धवट झोपतो. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे सरते. मस्कतला दीड तास, तेथून हिवाळ्यातल्या लंडनला आणखी चार. आयुष्यात साडेपाच तासांची भर पडली असे क्षणभर वाटते. परतीच्या वाटेवर ते मुकाट्याने परत करावे लागतात, हे तेव्हा कोणी आठवत नाही.

आपले धर्मशास्त्र ह्या बाबतीत अधिक बारकाईने विचार करते. परदेशी आप्त निवर्तला आणि वार्ता दहा दिवसांच्या आत आली, तर राहिलेल्या दिवसांचेच सुतक. दहा दिवसांनंतर आली तर तीन रात्री. वर्ष उलटून गेल्यावर केवळ स्नान, असे मनुस्मृती सांगते. म्हणजे वार्ता कानी पडेपर्यंत मनुष्य जेवला, हसला, नाटक पाहून आला, तरी तो दोषी नव्हे. कळणे हेच बंधनाचे मूळ. परंतु ज्याला अर्धेच कळले आहे, ह्या घटकेला भाऊ शस्त्रक्रियेच्या मेजावर आहे एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याने काय करावे? ह्याचे उत्तर ना कायद्यात सापडले, ना स्मृतीत.

मी बाहेर पडलो. तास दीड तास विमानतळावरील खुर्चीत बसून पाहिले; चिंतेला बसण्याने काही धार येत नाही, ती नुसती आंबते. टॅक्सी करून जुन्या मस्कतात गेलो. बंदराच्या मुखाशी दोन खडकांवर दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत, जलाली आणि मीरानी. दोन्ही पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात बांधले. ते पाहताना आमोण्याच्या माणसाला जे वाटते, ते दुसऱ्या कोणाला वाटेल की नाही, शंका आहे. ज्या आफोंस द आल्बुकेर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, त्यानेच त्याच्या तीन वर्षे आधी, 1507 मध्ये, मस्कत जाळून लुटले होते. ओमानी अरबांनी 1650 मध्ये पोर्तुगीजांना तेथून हुसकून लावले. आम्हाला त्यापुढे आणखी तीनशे अकरा वर्षे लागली. एकाच घरात कर्ज काढलेल्या दोघा भावांपैकी एकाने ते लवकर फेडावे आणि दुसऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्या चालावे, तसे काहीसे मनात आले. मी त्या किल्ल्यांकडे किती वेळ पाहत होतो, हे मला सांगता येणार नाही. आणि खरी गोष्ट ही, की तेवढा वेळ भावाची आठवण मला झाली नाही.

जवळच मोतीश्वराचे मंदिर आहे. गुजराती व्यापाऱ्यांनी परमुलखात जोपासलेले हे शिवाचे स्थान. तेथे हात जोडले तेव्हा मात्र भाऊ आठवला, आणि मागाहून लाजही वाटली.

नदीकाठच्या माणसाला वाट पाहणे नवे नाही. मांडवीच्या पलीकडे जायचे, तर फेरीबोट येईपर्यंत धक्क्यावर थांबायचे. तेवढ्यात मासळीचे भाव कळत, सोयरिकी जुळत, आणि एखादा दावा तेथल्या तेथे मिटल्यामुळे वकिलाचे नुकसानही होई. त्या वेळाला कोणी फुकट गेलेला म्हणत नसे. पंढरीच्या वारीतही मुक्काम हा वारीचाच भाग असतो. आमचा वेताळ तर रात्रभर फिरतो अशी लोकांची श्रद्धा, म्हणून गोव्यात त्याला वहाणा वाहतात. झिजलेल्या वहाणा हाच त्याच्या फेरीचा पुरावा. वाटेत त्याने काय पाहिले, हे त्याला कोणी विचारीत नाही. मला विचारणार होते.

लंडनला उतरताच निरोप मिळाला, शस्त्रक्रिया नीट पार पडली. इस्पितळात वहिनी भेटल्या. रात्रभर जागलेल्या, डोळे सुजलेले. त्या म्हणाल्या, “नऊ तास मस्कतला काय केलंत, भावोजी?” मी म्हणालो, “काय करणार? बसून होतो.”

किल्ले पाहण्यात मी काही अपराध केला, असे आजही मला वाटत नाही. वहिनींच्या जागरणातला एक क्षणही मी विमानतळावर बसून राहिलो असतो तर कमी झाला नसता. तसे असेल, तर मी खोटे का बोललो? पक्षकार निरपराध असूनही खोटी साक्ष देतो, तेव्हा आम्ही त्याच्यावर चिडतो. त्याचे कारण त्या दिवशी मला थोडेसे उमगले. आपण मोकळे होतो, हे बांधलेल्या माणसासमोर कबूल करणे जड जाते.

आठवड्याने भाऊ घरी आला. उशीला टेकून बसला होता. तरुणपणी तो चार वर्षे मस्कतला नोकरीला होता, हे मी विसरलोच होतो. त्याने विचारले, “तुवें किल्लो पळयलो?”

वहिनी तेथेच औषधाच्या गोळ्या मोजीत होत्या. मी म्हणालो, “दोन्ही पाहिले.” मग बंदराचे वर्णन केले, पाण्याचा रंग सांगितला; भाऊ डोळे मिटून ऐकत राहिला, मधून मधून माझी चूक दुरुस्त करीत होता. वहिनींचे मोजणे थांबले होते. तो झोपल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “मग त्या दिवशी तसं का सांगितलंत?”