हयातीचा दाखला

निवृत्तिवेतनासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. नोकरीत पुराव्यावाचून कशावरही विश्वास न ठेवणारा मी, निवृत्तीनंतर आयुष्याकडेच दाखला मागू लागलो. प्रकृती टिकेल का? मुले विचारतील का? झोप उडाली.

तेव्हा आमच्या वडोदऱ्यात शिकलेले विनोबा आठवले. त्यांनी आईच्या देखत आपली प्रमाणपत्रे जाळली. १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता सुरतेस उतरून काशी गाठली. पुढची हमी नव्हती, तरी ते स्वस्थ बसले नाहीत. १९५१ पासून तेरा वर्षे भूदानासाठी पायी हिंडले. विश्वास म्हणजे हमीवाचून कर्तव्य करीत राहणे.

दाखले जाळण्याचे धैर्य मजजवळ नाही. शेजारच्या वृद्धांचे अर्ज तेवढे रोज लिहून देतो. उद्याचे प्रश्न सुटलेले नाहीत. झोप मात्र लागते.