वरच्या मजल्यावरचं कुत्रं

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट विकायला येतात आणि जिल्हा परिषदेच्या पशुप्रदर्शनात कुत्र्यांचीही हजेरी लागते. खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रं असतंच. माहूरच्या दत्ताच्या पायाशी तर चार-चार. लालकंधारी जनावरांना नाव मिळालं नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचं, देवणीला लातूर जिल्ह्यातल्या देवणीचं. अशा मुलखात एखादं जोडपं आपलं मांजर घेऊन भाड्याचं घर बघायला निघालं, की नांदेडच्या भाग्यनगरपासून लातूरच्या औसा रोडपर्यंत बहुतेक दारांत एकच उत्तर मिळतं: ‘बाकी सगळं ठीक आहे हो, पण जनावर नको.’

यावरून इथल्या माणसांना दुटप्पी ठरवणं सोपं आहे, पण ते खरं नव्हे. गावाकडं गाय गोठ्यात असते, कुत्रं ओसरीखाली. शहरात आल्यावर गोठाही गेला आणि ओसरीही. शिवाय या दोन्ही शहरांत भाड्याचं घर म्हणजे पुष्कळदा मालकाच्या स्वतःच्याच घराचा वरचा मजला. निवृत्तीच्या पैशातून चढवलेला. लाईटचं मीटर वेगळं, पण जिना एक, टाकी एक, गच्ची एक. मालक कुठं पुण्या-मुंबईत बसलेला नसतो. तो खालीच, दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. वरचं कुत्रं भुंकलं तर झोप त्याची मोडते, आणि शेजारी तक्रार घेऊन येतात तेही त्याच्याकडंच.

म्हणून घर दाखवायला आलेल्या काकूंचे प्रश्न नीट ऐकावेत. रात्री ओरडतं का? केस गळतात का? गच्चीवर घाण केली तर धुवायची कोणी, आणि कुठल्या पाण्यानं? शेवटचा प्रश्न लातुरात तरी कंजूषपणाचा म्हणता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. टँकरचे पैसे मोजलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर चाललेली कुत्र्याची आंघोळ खालूनही ऐकू येते.

एक प्रश्न मात्र सरळ नसतो: ‘खातं काय ते?’ त्यात कधीकधी जनावरापेक्षा माणसाची चौकशी असते. घरात मटण-मासे शिजतात का, हे भाडेकरूला तोंडावर विचारायचं नाही, म्हणून मांजराला विचारायचं. अशा वेळी ‘जनावर नको’ हा नकार भलत्याच कारणासाठी वापरला जातो आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं.

कायद्याचं बोट धरावं, तर तो नेमका उंबऱ्याशी हात सोडतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानं २६ फेब्रुवारी २०१५ च्या परिपत्रकात सांगितलं, की सोसायटीला बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही. पण हा आधार आधीच आत राहायला गेलेल्याचा. घर द्यायचं की नाही, हे मालकाच्या मर्जीवर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ पाळीव प्राण्यांबाबत गप्प आहे. फ्रान्समध्ये १९७० पासून भाडेकरारातली अशी सरसकट बंदी ग्राह्य धरली जात नाही. इंग्लंडनंही २०२५ च्या कायद्यात मालकाला योग्य कारणाशिवाय नकार देता येणार नाही, अशी तरतूद केली. ती जशीच्या तशी इकडं आणून भागेल असं वाटत नाही. एका जिन्यावरून रोज ये-जा करणाऱ्या दोन घरांत योग्य कारण शोधायला वेळ लागत नाही.

मग लपवाछपवी सुरू होते. मांजर पिशवीतून वर जातं, चार महिन्यांनी खिडकीत दिसतं आणि खोली खाली करायची वेळ येते. त्यातून काही जण जनावर सोडून देतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये! बुडणाऱ्या डिपॉझिटपुढं हा आकडा कोणाला भिववणार?

त्यापेक्षा करारातल्या दोन ओळी जास्त कामाच्या. अकरा महिन्यांचा करार नोंदवायची गरज नसते, हा समज सगळीकडं आहे. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ मात्र लेखी आणि नोंदणीकृत करार मागतं, नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतं. तेव्हा लिहून घेणं मालकाच्याही फायद्याचं. कोणतं जनावर, किती, रेबीजची लस दरवर्षी कधी, गच्ची कोण धुणार, दाराला ओरखडे पडले तर डिपॉझिटमधून किती कापायचे: काकूंचे प्रश्नच कलमं करून मांडायचे. ‘आमचं कुत्रं लई गरीब आहे’ या आर्जवापेक्षा लसीकरणाचं कार्ड पुढं ठेवलेलं बरं.

वेळही बघावी लागते. लातूरच्या ट्यूशन एरियाभोवती जूनमध्ये नव्या बॅचची पोरं खोल्यांसाठी रांगेत उभी असतात. तेव्हा मांजरवाल्याचं कोण ऐकतो? मे महिन्यात नीट परीक्षा आटोपून पोरं गावी गेली, की खोल्या रिकाम्या पडू लागतात आणि तेच मालक थोडं थांबून विचारतात, ‘एकच आहे ना?’