हल्क भारी की थॉर?

'जर्नी इन्टू मिस्टरी' या मार्व्हलच्या मासिकाचा 112 वा अंक जानेवारी 1965 चा. अंक थॉरचा, पण त्याची सुरुवात होते पोरांच्या भांडणापासून. हल्क भारी की थॉर, यावरून दोन तट पडलेत आणि मागे हटायला कोणीच तयार नाही. तेवढ्यात खुद्द थॉर तिथे येतो, भांडण ऐकून घेतो आणि हल्कशी झालेल्या आपल्या झुंजीची हकिकत त्यांना सांगतो. लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक कर्बी. वाचकांच्या तोंडचा प्रश्न या दोघांनी उचलून थेट गोष्टीतच आणून ठेवला.

हकिकतीत एक पेच आहे. थॉरच्या हातात मंतरलेला हातोडा, हल्कच्या हातात काहीच नाही. हातोड्याच्या जोरावर थॉर जिंकला, तर ते बळ त्याचं की हातोड्याचं? म्हणून थॉर आपल्या बापाकडे, ओडिनकडे, मागणं मागतो आणि ओडिन पाच मिनिटांपुरती हातोड्याची जादू काढून घेतो. आता नुसत्या हातांनी लढायचं. झुंज तुफान होते. निकाल मात्र लागत नाही.

तो न लागण्यामागे धंद्याची सावधगिरी होती, हे उघड आहे. दोघांचेही चाहते पुढच्या महिन्यात दुकानात यायला हवे होते. 1967 मध्ये डीसीने सुपरमॅन आणि फ्लॅश यांची शर्यत लावली तेव्हाही हेच झालं. शर्यत संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्यासाठी होती, जुगाऱ्यांच्या टोळ्यांनी तिच्यावर पैसे लावले होते, आणि त्यांचा डाव उधळायला दोघांनी शेवटची रेषा मुद्दाम एकदमच ओलांडली. ही गोष्ट लिहिणारा जिम शूटर तेव्हा शाळकरी वयाचा होता. बरोबरीच्या या निकालांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. मला मोलाची वाटते ती ओडिनची पाच मिनिटं. कोण जिंकेल हे विचारण्याआधी कशाला जिंकणं म्हणायचं ते ठरवावं लागतं, हे त्या पोरांना कळलेलं होतं आणि त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या लीलाही.

जे कधी जन्मालाच आले नाहीत त्यांच्या मारामारीवर डोकं कशाला शिणवायचं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मला हा वाद फार गंभीर वाटतो, आणि तो लहान मुलांपुरता ठेवून द्यावा असंही वाटत नाही. आपल्या बाकीच्या वादांत एक सोय असते: कधीतरी निवडणूक होते, सामना खेळला जातो, पाऊस पडतो किंवा पडत नाही, आणि वाद मिटतो. इथे असं काहीच होणार नाही. बाहेरून येऊन सोडवणूक करणारं कोणी नाही. त्यामुळे हाताशी उरतं ते फक्त कारण, आणि ते पटवून द्यावं लागतं.

निकाल आयता हातात देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 1996 मध्ये मार्व्हल आणि डीसी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन आपापले नायक समोरासमोर उभे केले. अकरा झुंजी होत्या. त्यांतल्या पाच झुंजींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला होता. सुपरमॅनने हल्कला हरवलं, स्पायडरमॅनने सुपरबॉयला, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, व्हुल्व्हरिनने लोबोला. आणि स्टॉर्मने वंडर वुमनला. या शेवटच्या निकालावर अजूनही कुरकुर चालू आहे, आणि माझ्या मते ती रास्त आहे. एक्स-मेन तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होते आणि स्टॉर्म त्यांच्यातली. मतं तिला पडली यात नवल नाही. पण वीज आणि वादळ हुकमात असणं हे देवांनी घडवलेल्या वंडर वुमनला पुरून कसं उरतं, हे पटेल अशा रीतीने कोणी दाखवलं नाही. व्हुल्व्हरिन आणि लोबोची मारामारी तर दारूच्या गुत्त्यात काउंटरच्या मागे उरकली. चित्रात ती दिसतच नाही, बाहेर येताना व्हुल्व्हरिन तेवढा दिसतो. निकाल होता, कारण नव्हतं, म्हणून तो कोणी मानलाही नाही. मतमोजणीने भांडण मिटायला हवं होतं, ते उलट वाढलं.

कोर्टानेही मिटलं नाही. सुपरमॅनच्या प्रकाशकांनी 1941 मध्ये फॉसेट या कंपनीवर खटला भरला. तिचा कॅप्टन मार्व्हल हा सुपरमॅनची नक्कल आहे, असं त्यांचं म्हणणं. चाळीसच्या दशकात हा कॅप्टन मार्व्हल खपात सुपरमॅनला मागे टाकत होता. खटला रेंगाळत 1953 मध्ये तडजोडीवर आला आणि फॉसेटने कॅप्टन मार्व्हल छापणं बंद केलं. पुढे 1972 मध्ये डीसीनेच त्याचे हक्क घेऊन त्याला परत आणलं. वकिलांच्या लेखी कोण जिंकलं ते स्पष्टच आहे. वाचकांचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे: कॅप्टन मार्व्हलचं बळ जादूचं, आणि जादूपुढे सुपरमॅनचं काही चालत नाही, मग काय होईल?

स्वतः स्टॅन ली या प्रश्नावर सांगत की लेखकाला जो जिंकायला हवा तोच जिंकतो. गोष्टी कशा लिहिल्या जातात याचं हे अगदी खरं वर्णन आहे. प्रश्नाचं उत्तर मात्र ते नाही. लेखकाच्या मर्जीवर सगळं चालत असतं, तर स्पायडरमॅनच्या म्हाताऱ्या मे काकूने हल्कला एका ठोशात आडवं केलं असं लिहून पाहावं. वाचक विचारेल: कसं काय? आणि लेखकाला काहीतरी सांगावं लागेल. तिने कुठलं औषध घेतलं होतं, हल्कचा राग ओसरला होता, काहीतरी. म्हणजे लेखकही मोकळा नाही. आधी जे लिहून ठेवलंय त्याने तो बांधलेला आहे, आणि ते बंधन सर्वांत जास्त जपतात ते हे भांडणारे वाचक.

मार्व्हलने 1982 पासून आपल्या साऱ्या पात्रांचा कोश काढला. संपादक मार्क ग्रुएनवाल्ड. त्यात कोण किती वजन उचलतो याचे आकडेच दिले होते. स्पायडरमॅन दहा टन. सगळ्यात वरचा वर्ग शंभर टनांहून अधिक उचलणाऱ्यांचा, आणि त्यात हल्कही होता, थॉरही. जिथे आकड्यांची खरी गरज होती तिथेच आकडे संपले. शिवाय हल्कचा तर नियमच असा की राग चढेल तसं बळ चढतं. त्याला मोजायचं कधी, किती रागावलेला असताना? ग्रुएनवाल्डच्या त्या खटाटोपाचा मला आदर वाटतो. मिनेसोटा विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी 2005 च्या आपल्या पुस्तकात सुपरमॅनच्या उडीवरून त्याच्या क्रिप्टॉन ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे पंधरा पट असावं असं गणित मांडलं, तेही मला तितकंच लोभस वाटतं. खोट्या गोष्टीतल्या एका तपशिलाला खरं मानून त्याचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणं ही सचोटी आहे.

पण काकालिओस यांचा सुपरमॅन 1938 चा आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आणला तो. त्याला उडता येत नव्हतं. तो मैलाच्या आठव्या हिश्शाएवढी झेप घ्यायचा, वीस मजली इमारत ओलांडायचा, आणि फुटणारा तोफगोळा त्याची कातडी भेदू शकेल असं तिथे मान्य केलेलं होतं. साठच्या दशकातला सुपरमॅन अख्खे ग्रह ढकलायचा. 1986 मध्ये जॉन बर्नने त्याची कथा नव्याने मांडताना हे बळ बरंच उतरवलं. मग झुंजीला उभा राहणारा सुपरमॅन कोणता?

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. कर्ण भारी की अर्जुन, हा वाद आपल्याकडे 'मृत्युंजय' येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. एकजण कवचकुंडलं काढून घेतल्याचं आणि रुतलेल्या चाकाचं सांगतो, दुसरा विराटपर्वातलं गोग्रहण पुढे करतो, जिथे एकट्या अर्जुनाने कर्णासकट सगळ्यांना पिटाळलं. मग पुढचा प्रश्न येतोच: कुठल्या महाभारतात? पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 एवढा काळ खपून सिद्ध केली. सूतपुत्राला वरणार नाही हे स्वयंवरातलं द्रौपदीचं सुप्रसिद्ध वाक्य त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, ते तळटिपांत गेलं आहे. कर्णाच्या बाजूने बोलणाऱ्याचा तो आवडता पुरावा. तो गेल्यावरही जो प्रामाणिकपणे कर्णाची बाजू मांडतो, त्याच्याशी वाद घालण्यात खरा आनंद आहे.

या साऱ्या झुंजींत मला सर्वांत नीट जमलेली वाटते ती 1978 ची, सुपरमॅन विरुद्ध मुहंमद अली. डेनी ओ'नील आणि नील ॲडम्स यांची गोष्ट. एक नायक कागदावरचा, दुसरा हाडामांसाचा, त्या काळातला सगळ्यात गाजलेला मुष्टियोद्धा. परग्रहावरचे लोक पृथ्वीचा सर्वश्रेष्ठ वीर मागतात आणि दोघेही पुढे येतात. सुपरमॅन पृथ्वीवर जन्मलेलाच नाही, तो तिचा प्रतिनिधी कसा, असा अलीचा आक्षेप, आणि तो बिनतोड आहे. मग दोघांची आपसात लढत ठरते. तांबड्या सूर्याच्या उजेडात सुपरमॅनचं बळ जातं हे वाचकांना आधीच ठाऊक, म्हणून लढत तशाच सूर्याखाली. त्याआधी अलीच सुपरमॅनला मुष्टियुद्धाचे डावपेच शिकवतो. जोड बरोबरीची झाल्याशिवाय कुस्ती लावू नये, हे तालमीतल्या वस्तादाला जसं कळतं तसं ते लेखकांना इथे कळलेलं आहे.

आणि अली जिंकतो. जिंकणारच, कारण आता फरक फक्त कसबाचा उरला. सुपरमॅनला बेदम मार बसतो, पण तो खाली पडत नाही. त्याच्यात लढण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी तो उभाच. शेवटी अलीच हात आवरतो आणि लढत थांबवायला सांगतो. बळ काढून घेतल्यावर सुपरमॅनमध्ये काय शिल्लक राहतं, हे मला कुठल्याही ग्रह ढकलण्याच्या चित्रापेक्षा इथे जास्त कळलं. अलीचं मोठेपण त्याच्या ठोशांइतकंच त्या थांबण्यात दिसतं.

सुपरमॅनच्या कट्टर चाहत्यालाही हा निकाल मान्य करताना जड जाऊ नये, कारण त्याच्या नायकाचं काही हिरावून घेतलेलं नाही. अलीच्या चाहत्यानेही त्यावरून पिवळ्या सूर्याखालच्या सुपरमॅनला आव्हान द्यायचं कारण नाही. निकाल त्याच्या अटीसकट मांडलेला आहे आणि अटीसकटच तो खरा आहे. थॉरच्या गोष्टीत जे पाच मिनिटांत साधायचं राहून गेलं, ते ओ'नील आणि ॲडम्स यांनी इथे करून दाखवलं. हल्क आणि थॉरसाठी तसं सूर्यासारखं काही अजून कोणाला सापडलेलं नाही, आणि हल्कचा राग मोजता येत नाही तोवर ते सापडणं कठीण आहे. माझं मत विचाराल तर थॉर. हातोडा असेल तर नक्की, नसेल तर पहिली पाच मिनिटं. त्यानंतर हल्क चिडलेला असेल.