गावाच्या वहीत काय लिहावे?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना अभ्यास काय द्यावा, हा प्रश्न मास्तरांना दरवर्षी पडतो. गेल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना सांगितले, “घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारा आणि गावाचा इतिहास एका पानात लिहून आणा.” आमच्या तीर्थपुरीची आता नगरपंचायत झाली आहे. गावाचे शहर होण्याआधी त्याची आठवण एका वहीत उतरवून ठेवावी, एवढाच माझा हेतू होता.

वह्या आल्या. निम्म्या मुलांनी पहिल्याच ओळीत समर्थ रामदासांचे नाव लिहिले होते. समर्थांचा जन्म 1608 सालचा आणि तो जांबचा. जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यात खरे, पण गाव दुसरे! शेजाऱ्याच्या आकाशकंदिलाचा उजेड आपल्या अंगणात पडतो, म्हणून कंदीलच आपला म्हणावा, त्यातलाच हा प्रकार. पुढे 17 सप्टेंबर 1948, निजामी राजवट संपल्याचा दिवस. मग 1972 चा दुष्काळ, खडी फोडणे आणि मिलोच्या भाकरी. मग जायकवाडीचा डावा कालवा आणि ऊस. सारे खरे, सारे सांगण्याजोगे.

एका मुलीच्या वहीत मात्र चारच ओळी होत्या. तिची आजी लहानपणी विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहत असे. विहिरीला शिवायचे नाही. कुणी वरून पाणी ओतील तेव्हा घागर भरायची. कधी कधी दुपार होई. खाली मुलीने विचारले होते, “गुरुजी, हे इतिहासात येते का?”

त्या प्रश्नाखाली मला काही दिवस काहीच लिहिता आले नाही.

शाळेत आपण इंग्लंडचा इतिहास शिकतो तो राजेराण्यांचा. पण तिथल्या लहान खेड्यांना एक चांगली सवय लागली. 1538 साली टॉमस क्रॉमवेल या राजमंत्र्याने हुकूम काढला, की गावोगावच्या चर्चमध्ये वही ठेवून तीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद करावी. हेतू सरकारी असेल. पण त्यामुळे जमीनदाराच्या नावाखाली त्याच्या गड्याचेही नाव उतरले. पुढे 1789 मध्ये गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने सेलबोर्न या आपल्या खेड्यावर पुस्तक लिहिले. त्यात पाकोळ्या आहेत, गांडुळे आहेत, एक म्हातारे कासवही आहे. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहून पाटील-कुलकर्ण्यांपासून बलुतेदारांपर्यंत सगळा गाव मांडला. तरी गावोगावच्या दप्तरांत मुख्यतः नाव राहिले ते शेतसारा भरणाऱ्याचे. ज्याला जमीनच नाही, त्याचे नाव कोण लिहिणार? इंग्रजी खेड्याच्या पुस्तकात कासवाला जागा मिळते आणि आमच्या वहीत घागर घेऊन उभ्या असलेल्या मुलीला मिळू नये, हे मनाला पटेना.

एका वडीलधाऱ्या गृहस्थांजवळ मी हे बोललो. ते म्हणाले, “मास्तर, सणासुदीला हे कशाला? जुन्या जखमेची खपली काढू नये.” त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. आज ही मुले एका बाकावर बसतात, एकमेकांच्या डब्यातले खातात. आजोबांची चूक नातवाच्या माथी का मारावी? मला उत्तर सुचेना, म्हणून मी त्या आजींकडे गेलो.

आजी ज्वारी निवडत बसल्या होत्या. “तुमची हकीकत गावाच्या वहीत लिहू का?” असे मी विचारले.

“राहू द्या, गुरुजी,” त्या म्हणाल्या, “माझी नात त्यांच्याच लेकरांत बसती.”

गृहस्थ जे म्हणाले, तेच आजीही म्हणाल्या! खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. शिवाय विहीर त्यांच्या माहेरची, म्हणजे आमचे गाव सुटलेच, असाही एक हिशेब मनात मांडून झाला. तो जणू ऐकू गेल्यासारख्या आजी म्हणाल्या, “इकडं तरी काय निराळं होतं?”

राज्यघटनेने 1950 मध्ये अस्पृश्यता नष्ट केली, 1955 मध्ये ती पाळणाऱ्याला शिक्षेचा कायदा झाला. पण विहिरींच्या काठावर हे कायदे पोचायला फार वेळ लागला.

परतीच्या वाटेवर नव्हे, तिथे बसल्याबसल्याच मला फरक उमगला. गृहस्थांचे आणि आजींचे शब्द एक, पण मौन एक नव्हते. एकाला जे सोसावे लागले नाही ते विसरायचे होते. दुसरीने सोसले होते आणि नातीसाठी ती ते गिळत होती. विसरून जा, असे म्हणण्याचा अधिकार असलाच तर तो तिचा. आम्ही तो तिच्या वतीने वापरू नये. नातू दोषी नाही, हे मान्य. पण बापाची जमीन जो वारशाने घेतो, त्याने बापाचे कर्ज ठाऊकच नाही असे म्हणू नये. समर्थांचा मोठेपणा आम्ही वारसाहक्काने घेतो, तोही शेजारच्या गावचा. मग विहिरीवरचा कमीपणा तेवढा का नाकारावा?

हे मी आजींना माझ्या परीने सांगितले आणि म्हणालो, “तरी तुम्ही नको म्हणालात, तर लिहिणार नाही.”

त्या बराच वेळ ज्वारीतले खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, “लिहायचंच तर विहिरीचं लिहा. माणसांची नावं घालू नका. ती बी गेली आता. पण एक बाई होती, मला उभी पाहिलं की हातातलं काम टाकून यायची, पाणी ओतायची. घरचे तिला बोलायचे. तिचं मात्र नाव घाला.”

ते नाव मी त्यांच्याकडून लिहून घेतले. घरी आल्यावर मुलीची वही उघडली आणि तिच्या प्रश्नाखाली तांबड्या शाईने लिहिले, “येते.”