रँडचा कायदा आणि हाफकिनची सुई

२२ जून १८९७ ही तारीख मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते. गणेशखिंडीचा रस्ता, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची रात्र, चापेकर बंधू, प्लेग अधिकारी रँड. या तारखेच्या नावाने एक उत्तम चित्रपटही निघाला. पण रँड गेल्यानंतर प्लेगचे काय झाले, असा प्रश्न कुणी विचारला तर बहुतेकांना उत्तर सुचत नाही. पावसाळा सरता सरता प्लेग पुण्यात परतला आणि दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा अधिक बळी घेऊन गेला. पुढे तो देशभर पसरला. एकट्या १९०७ साली हिंदुस्थानात त्याने दहा लाखांहून अधिक माणसे नेली. गोळी झाडणाऱ्याची आणि गोळी लागलेल्याची नावे राहिली, आजार मात्र स्मृतीतून निसटला.

सरकारची स्मृती वेगळी. तिने कायदा जपला. मुंबईतल्या प्लेगसाठी ४ फेब्रुवारी १८९७ रोजी घाईघाईने केलेला साथरोग कायदा महाराष्ट्र सरकारने १३ मार्च २०२० रोजी करोनासाठी पुन्हा लागू केला. चार कलमांचा, एका पानात मावणारा कायदा. अधिकाऱ्याला जवळजवळ काहीही करण्याची मुभा आणि त्याने सद्भावनेने केलेल्या कृतीवर दावा लावता येणार नाही, असे अभय. थोडक्यात, राज्यकर्त्यांनी १८९७चे हत्यार सांभाळले, लोकांनी १८९७ची वीरकथा सांभाळली. त्या साली या दोघांमध्ये जे भांडण पेटले होते, ते कशावरून, हा विचार दोघांनीही बाजूला ठेवला. २०२० आणि २०२१ मध्ये आपण तेच भांडण नव्याने, आणि पुष्कळदा वाईट रीतीने, भांडलो.

१८९७ साली पुण्यात रँडच्या हुकमाने गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरत होत्या. चूल आणि देवघर न बघता आत जात होत्या, बायकांची तपासणी करत होत्या. संशयिताला इस्पितळात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत धाडत होत्या, सामानसुमान रस्त्यावर आणून जाळत होत्या. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रमातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात काय सोसावे लागले, हे वर्तमानपत्रातून जाहीरपणे मांडले. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांवर गंभीर आरोप केले, पुरावा उभा राहीना, आणि मायदेशी परतताच त्यांना माफी मागावी लागली. त्या माफीने आरोप खोटे ठरले असे मला वाटत नाही. लाज आणि धाक असलेल्या घरातून साक्ष बाहेर येत नाही, एवढेच त्यातून दिसते.

तरी हा राग विलगीकरणावर होता, असे म्हणणे चुकीचे. टिळक प्लेगच्या दिवसांत पुणे सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी वेगळे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला आणि शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना सुनावले. हडपसरजवळ, वस्तीपासून दूर मळ्यात, यशवंत फुल्यांनी दवाखाना थाटला होता. त्यांच्या आई सावित्रीबाई स्वतः रुग्ण उचलून तिथे नेत होत्या, आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला गावाबाहेर नेणे हेच काम रँडच्या तुकड्याही करत होत्या. एकीकडे बायाबापड्या आपल्या लेकरांना सावित्रीबाईंच्या खांद्यावर देत होत्या आणि दुसरीकडे त्याच शहरात आजारी माणसाला माळ्यावर लपवत होत्या. निर्बंधाकडे लोक कसे पाहतात, याच्या उलगड्यासाठी या दोन दृश्यांपलीकडे कुठे जावे लागेल असे मला वाटत नाही. कुणाचा हात आहे, तो हात एरवी आपल्या दारात कशासाठी येतो, हे लोक आधी बघतात. नियमाचा मजकूर नंतर.

आणखी एक गोष्ट, जी मराठीत फारशी सांगितली जात नाही. रँडची ती सगळी कडक व्यवस्था बऱ्याच अंशी चुकीच्या समजुतीवर उभी होती. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो, हे पॉल लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली, आणि तेही मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. म्हणजे माणसे उचलून नेली, पेट्या जाळल्या, भिंतींना चुना मारला, आणि उंदीर शेजारच्या वाड्यात सुखरूप. इकडे खेडोपाडी एक जुना रिवाज होता. उंदीर पडू लागले की गाव रिकामे करून रानात झोपड्या घालायच्या. का, ते त्यांना सांगता आले नसते, पण पिसवांपासून दूर जाण्याचा त्या काळातला सर्वांत शहाणा उपाय तोच होता. अडाणी ठरवलेल्या लोकांचा निर्बंध तज्ज्ञांच्या निर्बंधापेक्षा बरा निघाला.

करोनात याची आठवण ठेवायला हवी होती. मार्च २०२०च्या अखेरीस बरेलीत घरी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशकाचा फवारा मारला गेला. आपणही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवली, आणि बंद खोलीत खिडक्या लावून बसलो. विषाणू हवेतून पसरतो, हे उघडपणे सांगायला अधिकृत यंत्रणांना फार वेळ लागला. तोवर गावागावांनी वेशीवर काटे टाकून रस्ते बंद केले. कोकणात परतलेल्या चाकरमान्यांना शाळेत ठेवले, जेवण मात्र आपल्याच घरून पोचवले. त्यात निष्ठुरपणा होता, हे नाकारता येत नाही. पण त्या निष्ठुरपणाला चेहरा होता, त्याच्याशी भांडता येत होते. चार तासांच्या सूचनेवर जो देश बंद झाला, त्याच्याशी कुणी भांडायचे? ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रेल्वेरुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. गाड्या बंद आहेत या समजुतीने ते रुळांवरून चालत गावी निघाले होते.

आता लशीकडे येऊ. वाल्देमार हाफकिन हा जीवाणूशास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका तोकड्या जागेत काम करून तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग झाला. टोचून घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही कमी दिसले. (कैद्याची संमती कितपत खरी, हा प्रश्न त्या काळी कुणाला सुचला नाही.) एकीकडे इस्पितळांवर जमाव चालून जात होते, ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. दुसरीकडे तिसऱ्या आगाखानांनी स्वतः सर्वांसमोर लस टोचून घेतली, हाफकिनला कामासाठी जागा दिली, आणि त्यांच्यामागोमाग खोजा समाजातले हजारो लोक दंड पुढे करून उभे राहिले. शहर तेच, लसही तीच.

लशीला नाही म्हणणाऱ्यांच्या कारणांकडेही जरा आदराने पाहायला हवे. हाफकिनच्या लशीने जबर ताप यायचा, दंड सुजायचा. रोजंदारीवरच्या माणसाला दोन-तीन दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे काय, हे ज्याचा पगार महिन्याला येतो त्याला कळत नाही. १९०२च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून टोचलेल्या एकोणीस जणांना धनुर्वात होऊन ते दगावले. चूक बाटली उघडतानाची होती, हे पुढे सिद्ध झाले. पण सरकारने हाफकिनलाच दोषी धरले, कामावरून दूर केले, आणि मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या वर्तमानपत्रातून त्याची बाजू लावून धरल्यावर १९०७ साली तो निर्दोष ठरला. त्या पाच वर्षांत पंजाबातली लसीकरणाची मोठी मोहीम कोलमडली आणि प्लेगने सर्वाधिक माणसे नेली ती त्याच प्रांतातली. काय घडले ते लगेच, गावकऱ्यांसमोर, सांगितले असते तर किती जण वाचले असते याचा हिशेब मांडता येत नाही. लपवाछपवीने कुणीच वाचले नाही, एवढे सांगता येते.

२०२१च्या जानेवारीत आपण जवळपास तीच चूक केली. भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनला तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे आकडे हाती येण्याआधीच ‘क्लिनिकल ट्रायल मोड’ अशी अगम्य शब्दयोजना करून परवानगी मिळाली. पुढे आकडे चांगले आले, लस उपयोगी ठरली. पण तोवर शंका रुजली होती आणि प्रश्न विचारणाऱ्याला देशविरोधी म्हणण्याची प्रथाही. गंमत अशी, की त्याआधीचे वर्षभर हाऊसिंग सोसायट्यांत आर्सेनिकम अल्बम या होमिओपॅथी औषधाच्या गोळ्या वाटल्या जात होत्या, आणि त्या गोळ्यांचा पुरावा मागणारा क्वचितच दिसला. काढा, वाफ, गोळ्या बिनतक्रार घेतलेल्या सुशिक्षित माणसाला लशीच्या वेळी अचानक आकडेवारीची निकड भासली. आदिवासी पाड्यांवरच्या नकाराला आपण अज्ञान म्हटले, आपल्या नकाराला चिकित्सा.

मग एप्रिल आला. स्मशानांत जागा पुरेना, ऑक्सिजनसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरू लागले, आणि जानेवारीत ‘बघू’ म्हणणारे लोक पहाटे चारला केंद्रासमोर रांग लावू लागले. तोवर लस संपली होती. १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण १ मेपासून सुरू झाले आणि तुटवड्यामुळे महाराष्ट्राला ते दहा-बारा दिवसांत थांबवावे लागले. लोकांचे मत मोहिमेच्या जाहिरातींनी बदलले नव्हते. आळीतल्या मृत्यूंनी बदलले. आणि साथ ओसरल्यावर दुसऱ्या मात्रेची ओढ पुन्हा सैल झाली.

याच सैलपणावर सरकारने सक्तीचा उतारा काढला. १५ ऑगस्ट २०२१पासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य प्रवाशाला दोन मात्रा आणि वर चौदा दिवस झाल्याखेरीज प्रवेश बंद. कोविशील्डच्या दोन मात्रांत किमान ८४ दिवसांचे अंतर ठरलेले होते. ज्या तरुण कामगाराला पहिली मात्रा अगदी १ मे रोजी मिळाली, त्याचाही हिशेब ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कसाबसा बसत होता. मग ज्याला मेमध्ये लसच मिळाली नाही, त्याने विरार किंवा कल्याणहून कामाला जायचे कसे? नकार त्याने दिला नव्हता, शिक्षा मात्र त्याला झाली. नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात तर एकही मात्रा न घेतलेल्याला रेशन, गॅस आणि पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला. रेशनच्या धान्यावर लशीची अट घालणारा अधिकारी मनाने वाईट असेलच असे नाही. त्याच्यावर टक्केवारीचा दबाव होता आणि हातात १८९७चा कायदा होता.

सक्तीच्या बाजूनेही बोलायला हवे. लोकलच्या डब्यात माझे स्वातंत्र्य शेजाऱ्याच्या श्वासापाशी संपते, आणि लस न घेणाऱ्याने अडवलेली खाट दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. हा युक्तिवाद मला पटतो. पण तो पुराव्याबरोबर बदलला पाहिजे. लस आजार सौम्य करते, पण लस घेतलेलाही संसर्ग पसरवतो, हे ओमायक्रॉनच्या वेळी उघड झाल्यावरही बंदी तशीच राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२च्या फेब्रुवारीत या आदेशांवर ताशेरे ओढले, तेव्हा कुठे सरकार मागे आले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी एकत्र सांगितल्या. कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. सरकारचे लसीकरणाचे धोरण अवाजवी नाही, आणि सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतात, मात्र ते प्रमाणात हवेत. आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती खुली केली पाहिजे. लशीच्या कट्टर विरोधकांनी यातले पहिले वाक्य उचलले, सरकारी प्रवक्त्यांनी दुसरे. तिसऱ्याला वाली मिळाला नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे होते.

ज्या पाड्यांवर, वाड्यांवर लस खरोखर पोचली तिथे ती आशा सेविकेच्या पायांनी पोचली. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात दारोदार फिरलेली, गावातलीच, भाषा आणि भांडणे दोन्ही ठाऊक असलेली बाई. ती दारात आली की लोक आत बोलावत, कारण गेल्या बाळंतपणालाही तीच आली होती. याच आशा सेविकांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला.

केंद्राने २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती केली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद देण्याची. ती योग्यच होती. पण आदेशाचे कारण जाहीर करण्याचे बंधन, त्याविरुद्ध दाद मागण्याची जागा, बुडालेल्या मजुरीची भरपाई, लशीने अपाय झालेल्याला आपोआप मिळणारी मदत, यांतले एकही त्यात नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगितले. तो अजून बदललेला नाही, आणि पुढच्या साथीत कपाटातून पहिल्यांदा तोच काढला जाईल.