मेलं कोण, हे विचारणारे चित्रपट

टेबलावर एक ताट मांडलेलं आहे. जेवणाची वेळ टळून गेली तरी मुलगी शाळेतून आलेली नाही. आई जिन्यात डोकावते, "एल्सी" म्हणून हाका मारते. पडद्यावर एकामागून एक रिकाम्या जागा येतात: जिना, कपडे वाळत घातलेला माळा, ते ताट. मग झुडपातून एक चेंडू घरंगळत येतो आणि थांबतो. एक फुगा तारांमध्ये अडकतो. फ्रिट्झ लांग यांच्या 'एम' या १९३१ सालच्या जर्मन चित्रपटात खून दिसतो तो एवढाच. मारेकऱ्याचा हात दिसत नाही, रक्ताचा थेंबही नाही. प्रेक्षकाला कळतं ते फक्त हे की एका घरात आता कुणीतरी जेवायला येणार नाही.

सीरियल किलरवरच्या चित्रपटांची पुढची जवळजवळ सगळी वाट याच चित्रपटातून निघाली. पण त्या वाटेवरचे बरेच प्रवासी ते ताट विसरले आणि मारेकऱ्याच्या मागे लागले. त्याची बुद्धी, त्याच्या खुणा, त्याचं बालपण, त्याची हत्यारं यांचंच कौतुक होत गेलं. असा चित्रपट पाहण्याजोगा आहे की नाही, हे माझ्या मते एका प्रश्नावर ठरतं: मेलेल्या माणसाचं त्याला काही वाटतं का?

भुताखेतांच्या चित्रपटाला ही कसोटी लावायचं कारण नाही. 'तुंबाड' या चित्रपटातल्या हस्तर या शापित देवाने कुणाच्या खऱ्या घरातलं माणूस नेलेलं नाही. तिथे भीती आहे ती माणसाच्या हावेची, आणि ती आपण मोकळेपणाने अनुभवू शकतो. सीरियल किलरच्या चित्रपटामागे मात्र बहुतेक वेळा खरी प्रेतं असतात. 'एम' प्रदर्शित झाला त्याच वर्षी डुसेलडॉर्फच्या पेटर क्युर्टेनवर खटला चालून त्याला मृत्युदंड झाला. हिचकॉकच्या 'सायको'ची मुळं रॉबर्ट ब्लॉक यांच्या कादंबरीत, आणि त्या कादंबरीमागे विस्कॉन्सिनमधल्या एड गीनचं १९५७ साली उघडकीला आलेलं प्रकरण. जी भीती आपण तिकीट काढून विकत घेतो, तिची किंमत कुणीतरी आधीच चुकवलेली असते. म्हणून 'दोन घटका करमणूक आहे, एवढा विचार कशाला' हे उत्तर इथे पुरत नाही.

'सायको' (१९६०) या कसोटीवर कसा उतरतो? मॅरियन क्रेन चाळीस हजार डॉलर घेऊन पळते आणि निम्मा चित्रपट व्हायच्या आतच न्हाणीघरात मारली जाते. त्या प्रसंगाच्या तुकड्यातुकड्यांच्या संकलनावर आणि बर्नार्ड हरमन यांच्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त मोलाचं वाटतं. आधी तब्बल अर्धा-पाऊण तास आपण मॅरियनबरोबर असतो. तिची घालमेल, तिचं घाबरणं, पैसे परत करायचा तिने मनाशी केलेला निश्चय, सगळं आपल्याला ठाऊक असतं. म्हणूनच तिचं मरण 'कथेतला पहिला खून' एवढंच राहत नाही. नंतर मॉटेल चालवणारा नॉर्मन तिची गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडता बुडता क्षणभर थांबते, आणि ती बुडावी असं आपल्यालाच वाटून जातं. ज्या बाईसाठी आत्ता जीव तुटला, तिचं प्रेत लपावं म्हणून आपण श्वास रोखतो. प्रेक्षक किती सहज बाजू बदलतो, हे हिचकॉकने त्या क्षणात उघडं पाडलं. नंतरच्या अनेक नकलांनी सुरा उचलला, पण हा आरसा काही उचलला नाही.

'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'चं (१९९१) उदाहरण अधिक गुंतागुंतीचं आहे. ऑस्करची पाचही प्रमुख पारितोषिकं मिळवलेल्या या चित्रपटातून लोकांनी घरी नेला तो कैदेतला नरभक्षक मारेकरी हॅनिबल लेक्टर. खरं तर तो पडद्यावर फार थोडा वेळ आहे. चित्रपटाचा जीव आहे क्लॅरिस स्टार्लिंग या शिकाऊ तपास अधिकारी मुलीत. एका अनोळखी मुलीचं प्रेत तपासण्याआधी ती खोलीत गर्दी करून उभ्या असलेल्या पोलिसांना नम्रपणे बाहेर जायला सांगते. त्या मुलीची काळजी आता आम्ही घेऊ, असा तिचा सूर असतो. पुढे क्लॅरिस ज्याच्या मागावर आहे त्या दुसऱ्या मारेकऱ्याने पळवलेल्या कॅथरीनची आई दूरचित्रवाणीवरून त्याला विनवणी करते आणि मुलीचं नाव पुन्हा पुन्हा घेते. ते ऐकताच क्लॅरिसच्या लक्षात येतं की आई मुद्दाम तसं करते आहे, म्हणजे त्या माणसाला समोर वस्तू न दिसता माणूस दिसेल. या सगळ्या चित्रप्रकाराने काय करायला हवं, ते तिथे सांगून झालेलं आहे. तरी आपण लक्षात ठेवला तो लेक्टर. ही उणीव जितकी चित्रपटाची, तितकीच पाहणाऱ्यांचीही.

या प्रकारातला एकच चित्रपट पाहायचा असेल तर मी बाँग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) पाहायला सांगेन. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. चित्रपट होईपर्यंत मारेकरी सापडलेला नव्हता, त्यामुळे बुद्धिमान खलनायक उभा करायची सोयच नव्हती. बाँग यांनी कॅमेरा वळवला तो तपासाकडे, गावाकडे आणि त्या काळच्या हुकूमशाही राजवटीकडे. भातखाचराच्या कडेच्या पाटात प्रेत सापडतं, आणि पुरावा म्हणून जपायचा पायाचा ठसा ट्रॅक्टरखाली चिरडला जातो. पोलीस एका मतिमंद तरुणाला मारून कबुली घेतात. तोच खरा साक्षीदार होता हे कळेपर्यंत उशीर होतो. खून होण्याची शक्यता आहे, बंदोबस्त हवा, असं कळवलं जातं त्या रात्री शिपाई निदर्शनं मोडून काढायला गेलेले असतात. मारेकरी अंधारात लपला होता हे खरं, पण तो अंधार राज्यव्यवस्थेने पुरवला होता.

सोलहून आलेला, कागदपत्रांवर विश्वास ठेवणारा अधिकारी एका शाळकरी मुलीच्या जखमेला चिकटपट्टी देतो. पुढे पावसात पडलेल्या प्रेतावर त्याला तीच पट्टी दिसते. त्या क्षणी त्याची सगळी शिस्त कोसळते. दहा खुनांचा आकडा ऐकून जे होत नाही, ते त्या एका पट्टीने होतं. शेवटी दुसरा अधिकारी, आता नोकरी सोडलेला, त्या जुन्या पाटापाशी येतो. एक लहान मुलगी त्याला सांगते की मागे आणखी एक माणूस इथे डोकावून गेला. कसा दिसत होता? साधाच. तो वळून थेट आपल्याकडे पाहतो.

२०१९ साली डीएनए चाचणीतून खरा मारेकरी सापडला. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. त्याने कबूल केलेल्या खुनांपैकी एका खुनासाठी पोलिओने अधू झालेल्या एका निरपराध तरुणाला पोलिसांनी मारहाण करून कबूल करायला लावलं होतं. त्या तरुणाने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली आणि २०२० साली तो निर्दोष ठरला. चित्रपटाने मारेकऱ्याबद्दल काही भाकीत केलं नव्हतं. त्याने व्यवस्थेबद्दल जे दाखवलं, ते मात्र अक्षरशः खरं निघालं.

आपल्याकडे काय झालं? १९६० च्या दशकात मुंबईच्या उपनगरांत पदपथांवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली जात होती. १९६८ च्या ऑगस्टमध्ये रमण राघवला अटक झाली. त्याने एक्केचाळीस खून कबूल केले. फाशीची शिक्षा पुढे मानसिक आजारामुळे जन्मठेपेत बदलली आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मेला. श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादव यांना घेऊन त्याच्यावर चित्रपट केला. अनुराग कश्यप यांच्या 'रमन राघव २.०'ने (२०१६) सुरुवातीलाच जाहीर केलं की ही त्याची गोष्ट नाही. त्या चित्रपटात मला सर्वांत जास्त छळणारा भाग मारेकऱ्याच्या बहिणीच्या घरातला आहे. अमृता सुभाष यांनी साकारलेली ती बाई नवऱ्याला आणि लहान मुलाला वाचवण्यासाठी भावाच्या मनासारखं बोलत राहते. तेवढा वेळ चित्रपट तिचा होतो, आणि तेवढाच वेळ तो खऱ्या अर्थाने भयंकर होतो.

पुण्यात १९७६-७७ मध्ये कला शिकणाऱ्या तरुणांनी दहा खून केले. चौघांना १९८३ साली येरवड्यात फाशी झाली. 'माफीचा साक्षीदार' हा मराठी चित्रपट त्यावरचा. ते प्रकरण आजही जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणूनच ओळखलं जातं, म्हणजे मेलेल्यांच्या आडनावांनी. मुंबईच्या पदपथांवर मेलेल्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. तिथे उरलं ते फक्त मारेकऱ्याचं नाव. वाड्यात-बंगल्यात राहणाऱ्यांची आठवण राहते आणि उघड्यावर झोपणाऱ्यांची पुसली जाते. सिनेमाने या पुसण्याला हातभार लावायचा की ते रोखायचं, हा कलेचा प्रश्न आहे आणि न्यायाचाही.

हेतू चांगला असला म्हणजे झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या जेफ्री डामरवरची २०२२ सालची मालिका पोलिसांची बेपर्वाई दाखवू पाहत होती. तिचा एक अख्खा भाग मारल्या गेलेल्या एका कर्णबधिर तरुणाच्या आयुष्यावर आहे. तरीही मृतांच्या काही नातेवाइकांनी जाहीरपणे सांगितलं की आम्हाला कुणी विचारलं नाही, आमची जखम पुन्हा उघडली. मालिकेच्या नावात मारेकरी, जाहिरातीत मारेकरी; मग एका भागाने तोल कसा सावरणार?

'एम'च्या उत्तरार्धात शहरातले गुन्हेगारच मारेकऱ्याला पकडून त्याच्यावर खटला भरतात. आपल्या हातात काही नव्हतं, असं तो किंचाळून सांगतो. जमाव रक्त मागतो. लांग दोघांचंही ऐकून घेतात, पण शेवटचा शब्द देतात तो काळ्या कपड्यातल्या आयांना: शिक्षेने मुलं परत येणार नाहीत, मुलांवर लक्ष ठेवायला हवं. मारेकऱ्याला समजून घेणं आणि त्याला मोठं करणं यांतलं अंतर या चित्रपटाने १९३१ सालीच दाखवून दिलं होतं.

म्हणून असा चित्रपट संपला की आपणच आपल्याला विचारावं: मेलेल्यांपैकी एकाचा तरी चेहरा, एखादी सवय, एखादी इच्छा लक्षात राहिली का? राहिली नसेल तर कितीही कौशल्याने केलेला असला तरी त्या चित्रपटाने मारेकऱ्याचंच काम पुढे चालवलं. मराठीत या विषयावर चित्रपट करू पाहणाऱ्यांपुढे तर मोठं काम पडलं आहे. १९६८ च्या मुंबईत उघड्यावर निजणारी माणसं कुठून आली होती, दिवसभर काय राबत होती, इतके खून होईपर्यंत शहराला जाग का आली नाही, हे विचारणारा आणि रमण राघवला कोपऱ्यातच ठेवणारा चित्रपट अजून आपण केलेला नाही. तो व्हायला हवा.